डाव्या गालातले खिळे

४ फेब्रुवारी

बारक्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, वर्कशॉप जागेवर आहे आणि मी माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. फोन केला असता तर आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. पत्र निदान उघडून तरी बघशील. काम असं आहे, की गोल पाठीच्या खुर्चीचा कागदी नमुना तू कुठे ठेवलास? एका वकिलाच्या ऑफिसातून तशा आठ खुर्च्या आल्यात, सगळ्यांच्या गाद्या बसलेल्या आणि कापड विरलेलं. मी सगळी कपाटं पालथी घातली. शेवटचा हात तुझाच लागला होता त्याला. तेवढं कळव.

आता दुसरी गोष्ट. ती पहिलीपेक्षा किरकोळ आहे म्हणून नंतर लिहितेय. माझ्या जिभेवर पांढरा चट्टा आलाय. डाव्या कडेला, मागे, दाढांच्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढा. दुखत नाही, खुपत नाही, मला तर माहीतही नव्हता. दाढेचा कोपरा तुटला म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असेल, पण हात पक्का. दाढ राहिली बाजूला, तिने कापसाच्या जाळीत माझी जीभ धरली आणि बाबा चामडं ओढून बघायचे तशी ओढून कड बघितली. मग तो चट्टा घासला. म्हणाली, पुसून जात नाही.

मी आ वासून पडलेली. काय बोलणार? वर बघत होते तर त्या खुर्चीच्या डोकं टेकायच्या जागेची शिवण उसवलेली, आतला फोम बाहेर डोकावतोय. तोंड मोकळं झाल्याबरोबर मी आधी तेच सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आज हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पण असा चट्टा तसाच राहू दिला तर काही जणांना त्यातून पुढे कॅन्सर होतो, आणि जिभेची कड ही त्यातली वाईट जागा. म्हणून आपण दुर्लक्ष करायचं नाही."

मी म्हटलं, "नका करू. मीही करणार नाही."

तिथे काय घासतं असं तिने विचारलं. मी खिळे सांगितले. तिला समजेचना. मग सगळं समजावून द्यावं लागलं, की मूठभर बारीक खिळे डाव्या गालात भरायचे, जिभेने एकेक वळवून डोक्याकडून ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तो उचलायचा आणि एका ठोक्यात लाकडात बसवायचा. मिनिटाला तीस. बाबांचे चाळीस व्हायचे. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुटलेली दाढ तिने घासून गुळगुळीत केली. चौदा दिवस तोंडात खिळा धरायचा नाही म्हणून बजावलं. नुसत्या घर्षणाचा चट्टा असेल तर तेवढ्यात कमी होतो म्हणे. एक छापील फॉर्मही भरून घेतला. वय, आजार, औषधं, सवयी. तो भरला.

मी ठणठणीत आहे. चौदा दिवसांत हे प्रकरण निकालात निघेल. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहिलं.

नमुन्याचं विसरू नकोस.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

नमुना सापडला. तुझ्याच कपाटात होता, पुठ्ठ्याच्या नळीत, वर तुझ्या अक्षरात 'गोल पाठ'. म्हणजे आता तुला लिहायला मला काही कारण राहिलेलं नाही. तरी लिहितेय.

खिळे बंद केले त्याची हकिगत ऐक. पहिल्या दिवशी डबी समोर ठेवून बोटांनी एकेक खिळा उचलायला गेले तर मिनिटाला आठसुद्धा होईनात. अंगठा ठेचला तो वेगळाच. शिवणकामाच्या मावशी मशीनवरून म्हणाल्या, "वस्ताद, आज हातमोजे घालून काम करताय की काय?" बाबांच्या वेळेपासून त्या इथे आहेत, त्यांना कोण गप्प करणार? तीन दिवस दम काढला. चौथ्या दिवशी खालचा खण उघडला आणि तुझी पिना मारायची गन बाहेर काढली.

फेकून दिली असं मी तुला सांगितलं होतं. फेकली नव्हती. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, दरवर्षी फडकं बदलत होते. चांगली आहे. आठ खुर्च्या पाच दिवसांत झाल्या आणि कापड कुठे तसूभर सरकलं नाही. झालं, लिहिलं. आता फार शेफारू नकोस.

काल चौदा दिवस पुरे झाले. डॉक्टरीणबाईंनी बारीक पट्टी लावून चट्टा मोजला, पहिल्या फोटोशेजारी दुसरा फोटो ठेवला. जसाच्या तसा. मग म्हणाल्या, "एवढ्यावर अंदाज बांधायचा नाही, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू." तिथल्या तिथे सुई देऊन जागा बधिर केली आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. दोन टाके घातले. घरी येऊन मी आरशात बघितले. दोन्ही सारखे, गाठी आत दाबलेल्या. हिला आपल्याकडे कामाला घ्यायला हरकत नाही.

निघताना तिने विचारलं, "तंबाखू, सिगारेट, काहीच नाही ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "फॉर्मवर लिहिलंय की."

वर्कशॉपमध्ये आले. मावशींनी मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, "खिळे डाव्या गालात असायचे. मग पंधरा दिवस उजवा गाल का फुगलाय?"

बारक्या, तुला माहीत आहे. तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तोंडात खिळे असलेल्या माणसाला कोणी बोलायला लावत नाही. 'हं' म्हटलं की लोकांचं समाधान होतं. खिळ्यांच्या मागे, गाल आणि दाढेच्या मध्ये तंबाखूची चिमूट बसते आणि बाहेरून एकच फुगवटा दिसतो. थुंकायला उठलं तरी कोणी विचारत नाही, लोखंडाची चव आली असेल असं त्यांना वाटतं. तेवीस वर्षं मी हे असं निभावलं आणि त्याची मला ऐटच होती, खरं सांगते.

फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं होतं. लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही. आणि चौदा दिवस तंबाखू उजव्या गालात ठेवून मी स्वतःला पटवत होते, की डाव्या बाजूला आता विश्रांती मिळतेय. सोफ्याचा डावा पाय मोडला तर उजव्या बाजूला बसा असं गिऱ्हाइकाला सांगणारा कारागीर मी हसून घालवला असता.

दहा दिवसांनी रिपोर्ट येईल. पुडी अजून खिशात आहे. खोटं कशाला लिहू?

ताई


२ मार्च

बारक्या,

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. हे वाक्य आधी लिहिलं, म्हणजे तुझा जीव खालीवर व्हायला नको.

पण नुसता चट्टाही नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर जिभेच्या पेशी म्हणून चौकोनांच्या रांगा काढून दाखवल्या. रांगा सरळ हव्यात, माझ्या खालून विस्कटायला लागल्यात. याच्या तीन पायऱ्या असतात, माझी मधली. इथून माघारी येता येतं, आणि वाट बघत बसलं तर पुढेही जाता येतं. म्हणून तो सगळा चट्टा लेझरने काढायचा, चारी बाजूंनी थोडी चांगली जागाही धरून. शिवणीला आपण कड सोडतो तसंच, हे मला पटकन कळलं. बारा तारीख ठरली. मी म्हटलं, उद्याच करा की. त्या म्हणाल्या, बारा.

मग मी म्हटलं, "माझा तो फॉर्म द्या जरा."

त्यांनी दिला. 'नाही' खोडलं, 'हो' लिहिलं, पुढे 'तेवीस वर्षं' लिहिलं आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. वाटलं, आता ही पोर मला झाडणार. एवढ्या मोठ्या बाईला. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. नाहीतर मी चट्टा काढत बसले असते आणि तुम्ही नवा आणत बसला असता."

खिशातली पुडी मी त्यांच्याच कचऱ्याच्या पेटीत टाकली. आत वापरलेले हातमोजे, रक्ताचे बोळे. म्हणजे परत उचलायची सोय नाही. कानाला खडा.

आता पहिल्या पत्रापासून जे टाळतेय ते लिहिते. नमुना-बिमुना सगळं निमित्त होतं.

तुला मी घालवलं ते गनवरून, असं सगळे समजतात. मीच तसं सांगत आले. बाबांची पद्धत मोडतोस, तोंडात खिळे धरायची लाज वाटते तुला, वगैरे. त्या दिवशी ते लॉजचे मालक आले होते, लांब सोफ्याचं विचारायला. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी 'हं' केलं. तू हसत हसत म्हणालास, "ताईच्या तोंडात नुसते खिळे नसतात, साहेब." मी सगळे खिळे जमिनीवर थुंकले आणि तुला दार दाखवलं. तुझ्या जिभेला हाड नाही म्हणाले. गन तेव्हा कोपऱ्यात पडलेली होती, तिचं नाव पुढे केलं. तू खरं बोललास आणि चारचौघांत बोललास, हे मला सोसलं नाही. गनचा त्यात काही दोष नव्हता आणि तुझा तर नव्हताच.

अजून एक राहिलं. हे लिहायला दोन दिवस लागले.

तू सोळा वर्षांचा होतास. सभागृहाच्या चाळीस खुर्च्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या आणि तुझी दाढ ठणकत होती. तू एका कोपऱ्यात गाल धरून बसलेला, काम अडलेलं. मी माझ्या पुडीतली चिमूट काढली आणि तुझ्या हातावर ठेवली. "दाढेखाली धर, बधिर होईल." तुला उलटी झाली. आपण दोघं हसलो होतो. पुढच्या आठवड्यात तू स्वतः मागितलीस आणि मी दिली. वर्षभर माझ्याच पुडीतून घेत होतास, मग तुझी तू आणायला लागलास. आई गेल्यावर तुला मी वाढवलं असं मी जगाला सांगते. हे कधी कोणाला सांगितलं नाही.

आता ऐक, आणि मी सांगते तसंच कर. उद्या सकाळी आरशासमोर उभा राहा, दिवा लाव. स्वच्छ फडक्याने जिभेचं टोक धर. उजवीकडे ओढून डावी कड बघ, डावीकडे ओढून उजवी. मागपर्यंत. मग जीभ टाळूला लावून खालची बाजू बघ. मग बोटाने एकेक गाल बाहेर ओढून आतून बघ, विशेषतः तू चिमूट ठेवतोस तिथे. पांढरं काही दिसलं, लाल दिसलं, पुसून जात नसलं, किंवा बरी न होणारी जखम असली, तर मला लिही. काहीच नसेल तर तेही लिही. आणि दिसो न दिसो, तुझी पुडी टाकून दे.

माझ्या जिभेचं मी बघून घेईन. भीती मला तुझी वाटते. ही सहा वर्षं कोणी तुझ्या तोंडात डोकावलं असेल असं मला वाटत नाही.

ताई


१८ मार्च

बारक्या,

चट्टा गेला. बारा तारखेला झालं सगळं. जीभ बधिर केल्यावर दुखलं काही नाही, फक्त वास आला, बटण जळल्यासारखा. अर्ध्या तासात मी खुर्चीतून उठलेसुद्धा. त्यांच्या खुर्चीच्या डोक्याकडची शिवण अजून तशीच आहे. पुढच्या वेळी सुई-दोरा घेऊनच जाणार आहे.

सहा दिवस मी बोलू शकत नाहीये. तू ही मजा बघायला हवी होतीस. कापायच्या टेबलावर काळं रेक्झिन अंथरलंय आणि मी खडूने हुकूम लिहिते. मावशी चष्मा शोधेपर्यंत मी ते पुसून दुसरं लिहिते. काल त्या म्हणाल्या, तीस वर्षांत एवढा शांत आठवडा त्यांना मिळाला नव्हता. मी खडूने लिहिलं, 'रजा हवी का?' त्यांनी वाचलंच नाही असं दाखवलं. कानाला लावलेला 'खडा' जागेवर आहे ना, हे मात्र रोज डोळ्यात तेल घालून बघतात. खिसे तपासतात माझे, राजरोस.

आणि त्यांचं चुकत नाही. परवा संध्याकाळी तलफ एवढी चढली, की पाय आपोआप कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळले. दुकानदाराला पुडी मागितली. जीभ सुजलेली, त्यामुळे तोंडातून जे निघालं ते त्याला काही कळलं नाही. "काय म्हणालात?" मागे दोन माणसं उभी होती. दुसऱ्यांदा म्हणायची मला लाज वाटली. रिकाम्या हाताने परत आले आणि एका जुन्या खुर्चीचं कापड उसवत बसले. आता तलफ आली की तेच करते. बारा खुर्च्यांचं उसवून झालंय, गिऱ्हाईकं अजून चारच आलीत.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आज आला. आत कॅन्सर लपलेला नाही, कडा स्वच्छ आहेत. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. किती वर्षं, मी कागदावर लिहून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कायमचं, कारण असे चट्टे परत येऊ शकतात. येऊ देत. आले तर मला आणि त्यांना दोघींनाही आता ते ओळखता येतात.

तुझं उत्तर नाही. पण एकही पत्र परत आलेलं नाही, म्हणजे तू घेतोयस, उघडतोयस. सहा वर्षं तू मिठाची गुळणी धरून बसलास. मी सध्या दिवसातून पाच वेळा खरीखुरी धरते, तर मला माहीत आहे, की ती कधीतरी थुंकावीच लागते.

आरशात बघितलंस का?

ताई


३ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळी. चारच. मी चार पत्रं खरडायची आणि तू चार ओळी. पण मावशींना मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि मी आता सगळी अक्षरं नीट म्हणू शकते, तरी तिसऱ्या ओळीला मला थांबावं लागलं.

'डाव्या गालात आतून आहे. पांढरा, सुरकुतलेला. वर्षभर तरी असेल. कोणाला दाखवायचं समजत नव्हतं.'

मला दाखवायचं, मूर्खा. अजून कोणाला?

आधी हे ऐक. काल दुपारीच डॉक्टरीणबाईंकडे गेले, तुझी ओळ त्यांच्यासमोर ठेवली. पत्र वाचून तोंडातलं सांगता येत नाही, म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. पण त्या घाबरल्या नाहीत, म्हणून मीही घाबरले नाही. गालातले पुष्कळसे चट्टे तंबाखू सोडल्यावर कमी होतात, नाही झाले तर तुकडा काढून तपासता येतो आणि काढूनही टाकता येतात. माझा जिभेच्या कडेचा होता, मधल्या पायरीवरचा, तरी मी आज तुला शिव्या देतेय ना? मग. तुझ्या बाबतीत आपण अजून लवकर आलो असू. आणि नसू, तरी बघू. मी बाजूला उभी असेन, हातात तुझी गन घेऊन.

गुरुवारी साडेदहाची वेळ घेतलीय. कारखान्यात दोन दिवसांची रजा टाक. गाड्यांच्या सीटा तुझ्याविना दोन दिवस बिनकापडाच्या राहिल्या तर जग बुडत नाही. बुधवारी संध्याकाळच्या बसने ये. तुझी खोली तशीच आहे, फक्त तिथे कापडाचे गठ्ठे ठेवलेत, ते मी हलवते. येताना पुडी आणू नकोस. खिसे मावशी तपासणार आहेत, त्यांना आता त्याची सवय झालीय.

तुझा फॉर्म मी काल तिथेच बसून भरला. दवाखान्याच्या मुलीने सांगितलं, पेशंटनेच भरायचा असतो. मी म्हटलं, याचं मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. वय पस्तीस. आजार काही नाही. औषधं काही नाही. तंबाखू, 'हो'. किती वर्षं, 'एकोणीस'.

त्याच्यापुढे जागा उरली नव्हती, म्हणून कागदाच्या कडेला आडवं लिहिलं, 'पहिली चिमूट बहिणीने दिली.' डॉक्टरीणबाईंनी वाचलं. म्हणाल्या, "हे लिहायची गरज नव्हती." मी म्हटलं, "होती."

सही तेवढी तुझी बाकी आहे. गुरुवारी ये आणि कर.

तुझी ताई